इंजिन बंद पडलं... वळायचं की सरळ जायचं?

मित्रांनो, घाटात बाईक बंद पडली तर आपण काय करतो? क्लच दाबतो, गाडी कडेला घेतो, पेट्रोल आहे का बघतो, प्लग काढून पुसतो, दोन किका मारतो आणि अगदीच नाही जमलं तर मित्राला फोन लावतो. विमानाला आकाशात 'कडेला घेणं' हा प्रकार नसतो. त्यातही इंजिन बंद पडलं ते टेकऑफनंतर अर्ध्या मिनिटात, जमिनीपासून अवघ्या चारपाचशे फुटांवर, तर विचार करायला वेळच उरत नाही. अशा वेळी वैमानिकाच्या मनात जी पहिली गोष्ट येते ती अगदी साहजिक असते. "आत्ताच तर धावपट्टी सोडली, ती मागेच आहे. वळू आणि उतरू."

हा साहजिक विचार आजवर कितीतरी वैमानिकांच्या जिवावर बेतला आहे. इंग्रजी बोलणाऱ्या वैमानिकांच्या जगात या वळणाला नावच पडलंय, 'इम्पॉसिबल टर्न', म्हणजे अशक्य वळण. ते खरंच अशक्य आहे का? असेल तर का? आणि नसेल तर कधी शक्य आहे? घाबरू नका, हे सगळं समजायला फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आणि बारावीची ट्रिग्नॉमेट्री पुरते.

उदाहरणासाठी आपण सेस्ना १७२ घेऊ. चार सीट, एक इंजिन, एक पंखा. १९५६ पासून बनत आलेलं हे विमान जगात सर्वात जास्त संख्येने बनलेलं विमान आहे, आणि जगभरातल्या फ्लाइंग क्लबांमध्ये ते दिसतं. त्याच्या १७२-एस मॉडेलचे गोल केलेले आकडे पुढे वापरले आहेत. वेग नॉटमध्ये आहेत (१ नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर) आणि उंची फुटांत, कारण विमानवाले तसंच बोलतात. आकडेमोड मात्र आपण आपल्या सवयीने मीटरमध्ये करू.

इंजिन बंद म्हणजे विमान बंद नव्हे

पहिला गैरसमज आधी दूर करू. इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येतं असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. लिफ्ट पंख देतात, इंजिन नाही. इंजिनाचं काम ड्रॅगवर मात करून वेग टिकवण्याचं. इंजिन गेलं तर हे काम गुरुत्वाकर्षणाकडून करून घ्यायचं, म्हणजे नाक थोडं खाली करायचं आणि उंची खर्च करून वेग विकत घ्यायचा. उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडतो, तसंच.

सेस्ना १७२ या पद्धतीने सुमारे ९ मीटर पुढे जाते तेव्हा १ मीटर खाली येते. याला ग्लाइड रेशो ९:१ म्हणतात. वेग ७० नॉट, म्हणजे सेकंदाला ३६ मीटर धरला, तर खाली येण्याचा वेग सेकंदाला ४ मीटर झाला. प्रवासात पाच हजार फुटांवर इंजिन बंद पडलं तर हातात सहा मिनिटं आणि आवाक्यात तेरा-चौदा किलोमीटरचा परिसर असतो. शेत शोधा, रेडिओवर सांगा, इंजिन पुन्हा चालू होतंय का बघा. पाचशे फुटांवर हाच हिशोब अडतीस सेकंदांवर येतो, आणि त्यातली पहिली काही सेकंदं विश्वास बसण्यातच जातात.

नेमकं टेकऑफनंतरच का?

जमिनीवर नीट चाललेलं इंजिन उडाल्यावर लगेच का बंद पडावं? यामागे नशिबापेक्षा इंजिनिअरिंग जास्त आहे. टॅक्सी करताना इंजिन आरामात चालत असतं. टेकऑफला ते पहिल्यांदाच पूर्ण शक्तीवर जातं, इंधनाची मागणी एकदम वाढते, आणि सिस्टीममध्ये लपलेला प्रत्येक दोष त्याच वेळी बाहेर पडतो. सबमिशनच्या आदल्या रात्री प्रिंटर बिघडतो, त्यातलाच प्रकार.

काही नेहमीची कारणं बघा. इंधनाचा व्हॉल्व्ह चुकून बंद राहिला, तरी पाइप आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत जेवढं इंधन असतं तेवढ्यावर इंजिन सुरू होतं, टॅक्सी होते, कधी कधी विमान उडतंसुद्धा. मग वाटी रिकामी होते. दुसरं कारण पाणी. टाकीत हवेतल्या ओलाव्याचं पाणी साचतं. ते पेट्रोलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं. म्हणूनच उड्डाणाआधी टाकीच्या तळातून थोडं इंधन काचेसारख्या नळीत काढून बघायचं असतं. विमानाचं १०० एलएल पेट्रोल निळसर रंगाचं असतं, त्यामुळे खाली बसलेला पाण्याचा थेंब लगेच ओळखू येतो. तिसरं, कार्ब्युरेटरमधला बर्फ. व्हेंचुरीमध्ये दाब घटतो, त्यातच पेट्रोलची वाफ होताना उष्णता शोषली जाते, आणि बाहेर वीस-पंचवीस अंश तापमान असतानाही दमट हवेत आत बर्फ धरू शकतो. आणि शेवटी सरळसरळ यांत्रिक बिघाड, सैल झालेला एखादा भाग.

इग्निशनसाठी मात्र प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि इंजिनाला दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. उड्डाणाआधी १८०० आरपीएमवर एकेक मॅग्नेटो बंद करून किती आरपीएम पडतात ते तपासतात. ही तपासणी 'रोजचंच आहे' म्हणून उरकली, की टेकऑफनंतरच्या अर्ध्या मिनिटाची तयारी कच्ची राहिली समजा.

पहिली चार सेकंदं

आता प्रसंग उभा करू. विमान ७४ नॉटने चढतंय, मिनिटाला ७०० फूट. नाक वर आहे. आणि इंजिन थांबतं.

वैमानिकाने काहीच केलं नाही, नाक तसंच वर ठेवलं, तर काय होईल? फ्री बॉडी डायग्राम काढा. मागे ओढणारी बलं दोन: ड्रॅग, जो वजनाच्या साधारण १/९ आहे, आणि चढावरच्या वजनाचा घटक. ७४ नॉट म्हणजे सेकंदाला ३८ मीटर आणि चढण्याचा वेग ३.५६ मीटर, म्हणजे चढ १०.७ ला १. दोन्ही मिळून वजनाच्या सुमारे ०.२ पट. याचा अर्थ ०.२ जी, म्हणजे सेकंदाला सुमारे ४ नॉटने वेग घटतो.

या विमानाचा स्टॉल स्पीड, म्हणजे ज्याच्या खाली पंखांवरचा प्रवाह तुटतो आणि लिफ्ट कोसळते तो वेग, फ्लॅप वर असताना ४८ नॉट. ७४ वजा ४८ म्हणजे २६ नॉट. भागिले ४. उत्तर साडेसहा सेकंद!

माणसाला अनपेक्षित धक्का बसला की भानावर यायला चारेक सेकंद सहज जातात. "हे काय झालं? खरंच बंद पडलं का? आत्ता तर सगळं ठीक होतं..." एवढा विचार होईपर्यंत वेग ५८ वर आलेला असतो. म्हणून इन्स्ट्रक्टर पहिल्या दिवसापासून एकच घोकून घेतात: इंजिन गेलं की नाक खाली, ताबडतोब. बाकी सगळं नंतर. जमीन आधीच जवळ असताना नाक तिच्याकडे वळवणं मनाला अजिबात पटत नाही, आणि नेमकं तेच करायचं असतं.

मागे वळण्याचं गणित

समजा नाक वेळेवर खाली केलं, वेग ७० नॉट धरला. आता मागे वळू. किती अंश वळायचं? पटकन उत्तर येतं, १८०. चूक! अर्धं वर्तुळ मारलं की आपण धावपट्टीला समांतर येतो, पण वळणाच्या व्यासाएवढे बाजूला. धावपट्टीच्या रेषेवर यायला आणखी तीसेक अंश वळावं लागतं आणि शेवटी तितकंच उलट. म्हणजे साधारण २४० अंश. कागदावर काढून बघा, पाण्याच्या थेंबासारखा आकार येतो.

वळायला विमान कलतं करावं लागतं. कलल्यावर लिफ्टचा एक भाग विमानाला आत खेचतो, त्यामुळे वजन पेलायला एकूण लिफ्ट वाढवावी लागते, १/कॉस पटीने. लिफ्ट वाढली की स्टॉल स्पीडही वाढतो, या पटीच्या वर्गमुळाने. आणि इंड्यूस्ड ड्रॅग वाढतो, पटीच्या वर्गाने. चांगल्या ग्लाइडच्या वेगाला एकूण ड्रॅगचा अर्धा भाग इंड्यूस्ड असतो, एवढं वापरून ७० नॉट वेगाला पुढचे आकडे येतात:

१५ अंश कल: वळायला ५७ सेकंद, उंचीची घट २३८ मीटर (७८० फूट), स्टॉल स्पीड ४९ नॉट.
३० अंश कल: वळायला २७ सेकंद, उंचीची घट १२४ मीटर (४०० फूट), स्टॉल स्पीड ५२ नॉट.
४५ अंश कल: वळायला १५ सेकंद, उंचीची घट ९२ मीटर (३०० फूट), स्टॉल स्पीड ५७ नॉट.
६० अंश कल: वळायला ९ सेकंद, उंचीची घट ८९ मीटर (२९० फूट), स्टॉल स्पीड ६८ नॉट.

पहिली ओळ बघा. 'हळूच, सांभाळून वळू' असं म्हणणारा माणूस सर्वात जास्त उंची घालवतो. शेवटची ओळ बघा. ६० अंशांत आपण ७० नॉटने उडतोय आणि ६८ ला स्टॉल आहे. म्हणजे कड्याच्या टोकावर उभं राहून सेल्फी. ४५ अंशाएवढंच सुरक्षित अंतर ठेवायचं तर ६० अंशांत वेग ८३ नॉटपर्यंत न्यावा लागेल, आणि वेग वाढला की वळणाची त्रिज्या वाढते, उंचीही जास्त जाते.

मग उत्तम कल कोणता? स्टॉलपासून ठराविक अंतर कायम ठेवलं, म्हणजे अँगल ऑफ अटॅक कायम ठेवला, तर वेगाचा वर्ग १/कॉस च्या प्रमाणात वाढतो. सिंक रेटला वळण्याच्या कोनीय वेगाने भागा आणि सोपं रूप द्या. शेवटी उरतं ते इतकंच: प्रत्येक अंशामागची उंचीची घट १ ÷ (साइन × कॉस) च्या प्रमाणात असते. साइन गुणिले कॉस म्हणजे दुप्पट कोनाच्या साइनचं अर्धं. ते सर्वात मोठं कधी? कोन ४५ अंश असताना. अमेरिकन नेव्हल अकॅडमीचे प्रोफेसर डेव्हिड रॉजर्स यांनी १९९५ मध्ये 'जर्नल ऑफ एअरक्राफ्ट' मध्ये याच प्रश्नाचं सविस्तर विश्लेषण मांडलं आणि त्यांचंही उत्तर ४५ अंशच आलं, तेही स्टॉलच्या जेमतेम वर वेग ठेवून. 'जेमतेम' या शब्दाकडे आपण पुन्हा येऊ.

पण पोहोचणार का?

वळून झालं म्हणजे काम झालं असं नाही. धावपट्टीपर्यंत जायलाही उंची लागते. समजा धावपट्टी १००० मीटरची आहे, वारा नाही, आणि ३०० मीटर धावून विमानाने जमीन सोडली. चढ १०.७ ला १, म्हणजे ५०० फूट (१५२ मीटर) गाठेपर्यंत विमान आणखी १६२५ मीटर पुढे गेलं. धावपट्टीचं टोक आता ९२५ मीटर मागे. भानावर येईपर्यंतची चार सेकंदं धरली तर हजाराच्या वर. या गडबडीत थोडी उंची गेली, समजा १४५ मीटर उरली. वळणात ९२ गेली. उरली ५३ मीटर. गुणिले ९, म्हणजे ४७५ मीटरच्या आसपास. सगळं अचूक केलं तरी धावपट्टी अर्धा किलोमीटर लांबच राहते.

"मग हजार फुटांवर इंजिन गेलं तर जमेल ना?" करून बघा. हजार फुटांपर्यंत विमान टोकापासून सुमारे २७०० मीटर पुढे गेलेलं असतं. वळण संपल्यावर उंची उरते २०५ मीटर, म्हणजे पल्ला १८५० मीटर. इथेही कमी पडलं, आणि आधीपेक्षा जास्त कमी पडलं!

हा या सगळ्या गणितातला सर्वात महत्त्वाचा मुद्दा आहे. विमान १०.७ ला १ ने चढतं आणि ९ ला १ ने उतरतं. म्हणजे सरळ पुढे चढत राहिलो तर परतीचं अंतर आपल्या ग्लाइडच्या पल्ल्यापेक्षा वेगाने वाढत जातं. उंची वाढली की सुरक्षितता वाढली, हे इथे लागू पडत नाही. तूट भरून काढते ती धावपट्टीची लांबी. हीच धावपट्टी ३००० मीटरची असती, तर ५०० फुटांवर इंजिन गेलं तेव्हा विमान अजून धावपट्टीच्याच वर असतं आणि सरळ समोर उतरता येतं. हजार फुटांवर गेलं तर परत फिरूनही उंची शिल्लक राहते.

वाऱ्याने चित्र बदलतं. १० नॉटचा वारा समोरून असेल तर चढताना जमिनीवरचं अंतर कमी कापलं जातं आणि परतताना तोच वारा पाठीवर असतो. १००० मीटरच्या धावपट्टीवर हजार फुटांवरून परतणं मग जेमतेम जमतं. पण उतरताना वारा पाठीमागून, म्हणजे जमिनीवरचा वेग जास्त.

उन्हाळा उलट दिशेने काम करतो. आपल्याकडे गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर वैमानिक प्रशिक्षण चालतं. मे महिन्यात विदर्भातला पारा ४४-४५ वर जातो. समुद्रसपाटीपासून हजारेक फूट उंचीवर एवढं तापमान असेल तर हवेची घनता सुमारे ४८०० फुटांवरच्या थंड हवेएवढी विरळ होते. इंजिनाची शक्ती घटते, पंख्याचा जोर घटतो, चढ मंदावतो. ग्लाइड रेशो मात्र हवेच्या घनतेवर अवलंबून नसतो, तो तेवढाच राहतो. म्हणजे चढ १०.७ ऐवजी १५-१६ ला १ होतो, उतार ९ लाच राहतो, आणि तूट आणखी वाढते. डिसेंबरच्या सकाळी जमलेलं वळण मे महिन्यातल्या दुपारी जमेलच असं नाही.

घात कुठे होतो?

अर्धा किलोमीटर कमी पडला तर विमान शेतात उतरेल, त्यात काय एवढं? खरी मेख इथेच आहे. अशा अपघातांत माणसं धावपट्टीआधीच्या शेतात उतरल्यामुळे सहसा मरत नाहीत. ती मरतात वळणात.

बघा काय होतं. वैमानिक वळतोय, धावपट्टी खिडकीतून दिसतेय, जमीन वर येतेय. 'पोहोचत नाही' असं वाटलं की हात आपोआप योक मागे ओढतो. अँगल ऑफ अटॅक वाढतो. आधीच कललेल्या विमानाचा स्टॉल स्पीड ५७ आहे हे मीटरवर कुठेही लिहिलेलं नसतं, डोक्यात मात्र ४८ बसलेला असतो. त्यात वारा पाठीवर आला की जमीन भराभर मागे पळताना दिसते आणि वेग भरपूर आहे असा भास होतो. जमिनीजवळ जास्त कलायला भीती वाटते, म्हणून वैमानिक कल न वाढवता आतल्या बाजूचा रडर दाबून नाक धावपट्टीकडे ढकलतो. आता विमान बाजूला घसरत वळतंय. आतला पंख हळू चाललाय, बाहेरचा जोरात. स्टॉल आला की आतला पंख आधी पडतो, विमान त्या बाजूला उलटं होत जातं आणि स्पिन सुरू होतो.

सेस्ना १७२ ला स्पिनच्या एका फेरीतून सावरायला किमान हजार फूट धरा, असं तिची पुस्तिकाच सांगते. आपल्याकडे उरलेत दोनशे फूट. रॉजर्स यांच्या विश्लेषणातला 'जेमतेम वर' हा वेग कागदावर उत्तम आहे, पण घाबरलेल्या माणसाच्या हातात त्याला फॅक्टर ऑफ सेफ्टी जवळपास नाही.

समोर उतरणं इतकं वाईट आहे का?

समोर काय असतं? शेत, रस्ता, मैदान, कधी झाडं, कुंपण. विमानाचं नुकसान नक्की. माणसांचं?

छोट्या विमानांची केबिन आणि पट्टे पुढच्या दिशेने ९ जी पर्यंतचा धक्का सोसतील अशा बेताने बनवलेले असतात. वेगाचा वर्ग भागिले दुप्पट त्वरण, हे सूत्र लावा. १० नॉटच्या समोरच्या वाऱ्यात ४५ नॉटने टेकलो तर जमिनीवरचा वेग ३५ नॉट, म्हणजे सेकंदाला १८ मीटर. ९ जी ने एकसारखं थांबायला अंतर लागतं १.८ मीटर! मागे वळून त्याच वाऱ्यात पाठीवर वारा घेऊन उतरलो तर वेग ५५ नॉट, अंतर ४.५ मीटर, आणि जिरवायची ऊर्जा जवळजवळ अडीचपट. म्हणजे समोरच्या शेतात नियंत्रणात, सरळ, कमी वेगाने टेकलेल्या विमानाला थांबायला अगदी थोडी जागा लागते. झुडपं, पीक, मोडणारे पंख, चुरगळणारी चाकं, हे सगळं ती जागा देतं. नाक खाली करून कोसळणाऱ्या विमानाला ती मिळत नाही.

म्हणून बहुतेक छोट्या विमानांची पुस्तिका एकच सल्ला देते. वेग धरा, समोर उतरा, अडथळे चुकवण्यापुरतंच थोडं डावंउजवं करा. इंधन बंद, मॅग्नेटो बंद, फ्लॅप गरजेप्रमाणे, मास्टर स्विच बंद, आणि टेकण्याआधी दाराची कडी उघडा, म्हणजे फ्रेम वाकली तरी दार अडकणार नाही. विमान इन्शुरन्सवाल्यांचं झालं असं समजा, असं जुने वैमानिक म्हणतात.

दोन खऱ्या घटना

५ मार्च २०१५. 'इंडियाना जोन्स' आणि 'स्टार वॉर्स' वाला नट हॅरिसन फोर्ड, वय ७२, कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका विमानतळावरून स्वतःचं रायन पीटी-२२ हे १९४२ सालचं ट्रेनर विमान घेऊन उडाला. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० फुटांवर असताना इंजिनाची शक्ती गेली. त्याने डावीकडे वळून धावपट्टीकडे यायचा प्रयत्न सुरू केला. पण पोहोचणार नाही हे लक्षात येताच त्याने धावपट्टीचा हट्ट सोडला आणि जवळच्या पेनमार गोल्फ कोर्सच्या मोकळ्या जागेकडे विमान नेलं. एका झाडाला धडकून विमान आपटलं. तो गंभीर जखमी झाला, पण वाचला. अमेरिकेच्या एनटीएसबी या तपास संस्थेला कारण सापडलं ते आपल्या मेकॅनिकलवाल्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. कार्ब्युरेटरचा मुख्य मीटरिंग जेट आट्यांमधून सुटून बाहेर आला होता, त्यामुळे बेहिशेबी पेट्रोल जाऊन मिश्रण अतिशय रिच झालं. त्या कार्ब्युरेटरच्या देखभालीच्या सूचना अपुऱ्या होत्या, आणि खांद्याचा पट्टा चुकीच्या पद्धतीने बसवल्यामुळे दुखापत वाढली, असंही तपासात नोंदलं गेलं.

दुसरी घटना छोट्या विमानाची नाही, पण धडा तोच आहे. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियावरून उडालेल्या एअरबस ए-३२० ची दोन्ही इंजिनं सुमारे २८०० फुटांवर पक्ष्यांच्या थव्यामुळे निकामी झाली. कॅप्टन सलेनबर्गर यांनी परत न फिरता हडसन नदीत विमान उतरवलं. सर्व १५५ जण वाचले. नंतर सिम्युलेटरवर वैमानिकांनी ताबडतोब वळून लाग्वार्डिया गाठून दाखवलं. मग परिस्थिती समजायला आणि निर्णय घ्यायला लागणारा वेळ म्हणून ३५ सेकंदांचा उशीर घातला, तेव्हा तोच प्रयत्न फसला. गणितात नेहमी विसरली जाणारी राशी हीच, माणसाला लागणारा वेळ.

मग कधीच वळायचं नाही का?

असंही नाही. लांब धावपट्टी, समोरचा वारा, हलकं विमान, पुरेशी उंची आणि सराव केलेला हात असेल तर वळण शक्य आहे. समोर फक्त दाट वस्ती किंवा समुद्र असेल तर त्याचा विचार करावाही लागतो. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफएए ने इन्स्ट्रक्टरांना सूचना केली की परत फिरणं कधी आणि कसं सुरक्षित आहे हे शिकाऊंना दाखवून शिकवावं. कारण नुसतं 'वळू नका' म्हटल्याने ऐन वेळी हात थांबतोच असं नाही.

सराव करायचा तर सुरक्षित उंचीवर, इन्स्ट्रक्टरसोबत. तीन-चार हजार फुटांवर इंजिन आयडलला आणा, मनात चार सेकंद मोजा, मग वळा आणि किती फूट गेले ते लिहून ठेवा. आलेल्या आकड्यात भरपूर भर घाला, कारण खऱ्या प्रसंगी हात थरथरत असतो. आणि प्रत्येक टेकऑफआधी धावपट्टीच्या तोंडाशी उभं राहून मोठ्याने म्हणा: "धावपट्टी शिल्लक असताना इंजिन गेलं तर तिच्यावरच थांबणार. अमुक फुटांखाली गेलं तर समोर, डावीकडच्या मैदानात. त्याच्या वर गेलं तर आज वारा उजवीकडून आहे, म्हणून उजवीकडे वळण." वाऱ्याकडे वळलं की वारा आपल्याला धावपट्टीकडे परत ढकलतो. हे म्हणायला वीस सेकंद लागतात. काही विमानांना, उदाहरणार्थ सिरसला, अख्ख्या विमानाचं पॅराशूट असतं. त्यालाही मॉडेलनुसार सरळ उड्डाणात ४०० ते ६०० फूट उंची लागते, म्हणून तेही त्याच वीस सेकंदांत ठरवायचं.

इंजिन बंद पडल्यावर माणसाकडे चार-सहा सेकंदं असतात आणि त्यात नवा विचार सुचत नाही. आधी ठरवलेलं असेल तेच हातून होतं. म्हणून 'वळायचं की सरळ' या प्रश्नाचं उत्तर जमिनीवर, चाकं उभी असताना द्यायचं असतं.

आपल्यापैकी बरेच जण विमान उडवणार नाहीत. पण कोणी इंजिन डिझाइन करेल, कोणी मेंटेनन्सची मॅन्युअल लिहील, कोणी हँगरमध्ये पाना घेऊन उभा राहील. वर्कशॉपमध्ये सर ओरडतात ना, आट्या नीट बसल्या का ते बघ म्हणून? सुटलेला तो मीटरिंग जेट आठवा आणि पुन्हा एकदा बघा.